एनडीएमध्ये पदवी नेमकी कशी मिळते? सर्टिफिकेट जेएनयूचं, पण अटी लष्कराच्या

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी चर्चा सुरू होते. वर्तकनगरमध्येही तेच. पोरगं पहाटे उठून उपवन तलावाला चकरा मारतंय, भिंतीवर लढाऊ विमानाचं पोस्टर आहे, 'मला एनडीएलाच जायचंय' हे त्याचं ठरलंय. आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, 'ते सगळं ठीक आहे रे, पण डिग्रीचं काय? तीन वर्षं तिकडे घालवायची, मग ग्रॅज्युएशन कधी करणार?'

प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलं जातं, 'तिथे जेएनयूची डिग्री मिळते'. हे खरं आहे, पण अर्धंच. कुणाला कोणती पदवी मिळते, ती कुठे हातात पडते, त्यासाठी काय काय पास व्हावं लागतं आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला यात कुठे अडायला होतं, हे त्या ओळीत येत नाही. ते जरा नीट बघू.

आधी एनडीए म्हणजे काय ते थोडक्यात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी इथे एकत्र शिकतात. ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि जानेवारी १९५५ मध्ये औपचारिक उद्घाटन झालं. मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या मुक्तीसाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले ७० हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या इमारतीला लागले. म्हणून पुण्यात सुदान.

आता पदवीकडे.

एनडीए स्वतः पदवी देत नाही. पदवी देते दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू. टीव्हीवरच्या वादांमधून जेएनयू ओळखणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो, पण हा संबंध १९७०च्या दशकापासूनचा आहे. एनडीएच नाही, पुण्यातलं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, केरळमधल्या एळीमलाची नौदल अकादमी, डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेज यांच्याही पदव्या जेएनयूच्याच. अपवाद म्हणून पुण्याचंच एएफएमसी घ्या. तिथली एमबीबीएसची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि प्रवेश नीटवरून होतो. एनडीए आणि एएफएमसी यांची गल्लत करणारे पालक खूप भेटतात, म्हणून हे सांगून ठेवलं.

एनडीएत चार प्रकारच्या पदव्या आहेत. बीए, बीएस्सी, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि बीटेक. पण 'आवडेल ती घ्या' असं इथे नसतं. तुम्ही कोणत्या दलात निवडले गेलात यावर पर्याय ठरतात. लष्कराच्या कॅडेटला चारही पदव्यांचे रस्ते कागदावर खुले आहेत. नौदलाच्या कॅडेटला बीटेकच. हवाई दलाच्या कॅडेटला बीटेक, बीएस्सी किंवा बीएस्सी कॉम्प्युटर.

यातच एक गोष्ट दडलेली आहे जी अकरावीच्या प्रवेशावेळीच कळायला हवी. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हे तिन्ही विषय लागतात. लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. म्हणजे पीसीबी घेऊन मॅथ्स सोडलेल्या मुलीला पायलट व्हायचं असेल तर एनडीएचा रस्ता तिने अकरावीच्या फॉर्मवर सही करतानाच बंद केलेला असतो. आर्ट्स आणि कॉमर्सवाल्यांसाठी लष्कर हा एकच पर्याय उरतो आणि व्यवहारात पदवी उरते बीए.

बरं, आर्ट्सवाला म्हणून मॅथ्समधून सुटका होते का? नाही. प्रवेश परीक्षेत गणिताचा ३०० मार्कांचा पेपर सगळ्यांना आहे, लष्करवाल्यांनासुद्धा. अकरावी-बारावीच्या पातळीचं गणित. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या मुलाला तो पेपर पार करायचा असतो. 'लष्कराला कुठलीही शाखा चालते' हे वाक्य वाचून खूश होणाऱ्यांनी हे आधी बघावं.

ही परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, उमेदवार अविवाहित हवा. बारावीला बसलेला असेल तरी अर्ज करता येतो आणि बारावीला किमान टक्क्यांची अट नाही, पास असलं की झालं. पहिला पेपर गणित, ३०० मार्क, १२० प्रश्न, अडीच तास. दुसरा पेपर जनरल ॲबिलिटी टेस्ट, ६०० मार्क, १५० प्रश्न, तोही अडीच तास. उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश मार्क कापले जातात. लेखी पार केलं की एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत, ९०० मार्कांची. एकूण १८०० मधून मेरिट लागतं.

भाषेचा मामला

आता ज्या गोष्टीबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं तिकडे येऊ.

एनडीएची प्रश्नपत्रिका द्विभाषिक असते. गणित आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेले असतात. मराठीत नाही. यूपीएससीच्याच नागरी सेवा परीक्षेत, म्हणजे आयएएस-आयपीएसवाल्या परीक्षेत, मुख्य परीक्षेचे पेपर मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते. मराठीतून आयएएस झालेल्यांच्या बातम्या आपण कौतुकाने शेअर करतो. तीच यूपीएससी, पण एनडीएला ती सोय नाही. साहजिकच बऱ्याच घरांत असा समज असतो की 'यूपीएससी आहे ना, मग मराठीत देता येईल'. नाही देता येत.

दुसऱ्या पेपरातले ६०० पैकी २०० मार्क थेट इंग्रजीचे आहेत. ५० प्रश्न, आणि तिथे हिंदीचा आधार नाही. लेखी परीक्षेचे एकूण ९०० मार्क धरले तर जवळपास पाव हिस्सा. मराठी माध्यमातला हुशार मुलगा गणितात चमकतो, भौतिकशास्त्र त्याचं पक्कं असतं आणि तरी तो इथे मागे पडू शकतो. बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर व्होकॅब्युलरीचे प्रश्न त्याने घरात, शाळेत, गल्लीत कधी ऐकलेलेच नसतात म्हणून. आणि फॉर्म्युल्यांचे मराठी शब्द पाठ असलेल्याला 'समाकलन' आणि 'इंटिग्रेशन' एकच आहे हे परीक्षेच्या हॉलमध्ये जुळवत बसायला वेळ नसतो. हिंदी प्रश्नपत्रिकेत मात्र 'समाकलन' हाच शब्द भेटतो. बरेच पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत संस्कृतातून आलेत. म्हणजे मराठी माध्यमवाल्याला अडलेल्या प्रश्नाची हिंदी बाजू एकदा वाचून बघण्याचा थोडा फायदा आहे. पण तेवढाच.

निवड झाल्यावर आत गेलात की वर्ग इंग्रजीत. परीक्षा द्विभाषिक, शिक्षण इंग्रजीत. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पदवीचा अभ्यासक्रम याच भाषेत पूर्ण करायचा असतो. इंग्रजी हा सगळ्यांना सक्तीचा विषय आहेच. त्यासोबत परकीय भाषेचीही तोंडओळख असते. अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन अशा भाषा तिथे शिकवल्या जातात.

जगात खऱ्या अर्थाने दोन भाषांत चालणारं लष्करी कॉलेज कसं असतं, हे कॅनडाकडे बघितलं की कळतं. किंग्स्टन शहरातलं रॉयल मिलिटरी कॉलेज १८७६ मध्ये सुरू झालं आणि १९५९ पासून त्याला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार आहे, आपल्यासारखं बाहेरच्या विद्यापीठावर अवलंबून राहावं लागत नाही. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत तिथे शिक्षण होतं. अभ्यास, लष्करी प्रशिक्षण, शारीरिक क्षमता आणि द्विभाषिकता असे चार खांब ते कॉलेज मानतं. म्हणजे दुसरी भाषा येणं हा तिथे अधिकारी होण्याच्या तयारीचाच भाग. फ्रेंच घरातून आलेल्याने इंग्रजी शिकायचं आणि इंग्रजी घरातून आलेल्याने फ्रेंच. ओझं दोघांवर सारखं.

आपल्याकडे तसं नाही. इंग्रजी माध्यमातून आलेल्या कॅडेटला वर्गात नवीन भाषेशी झगडावं लागत नाही, मराठी-तेलुगू-ओडिया माध्यमातून आलेल्याला लागतं. भारतात इतक्या भाषा असताना एनडीए सगळ्या भाषांत चालवा असं कुणी म्हणणार नाही, आणि युद्धभूमीवर तिन्ही दलांना एकमेकांचं बोलणं कळलंच पाहिजे. पण प्रवेश परीक्षेतली सोय दोनच भाषांपुरती का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. अकादमीचं ब्रीदवाक्य मात्र संस्कृतात आहे, 'सेवा परमो धर्मः'.

पास व्हायचं म्हणजे किती ठिकाणी?

साध्या कॉलेजात पदवी म्हणजे सेमिस्टरच्या परीक्षा. एखादा विषय राहिला तर केटी, पुढच्या वर्षी बघू. आम्ही मास कॉमवाल्यांनी तर केटीवर अख्खे मीम पेज चालवलेत.

एनडीएत तीन वर्षं, सहा टर्म. बीए, बीएस्सी आणि बीएस्सी कॉम्प्युटरची पदवी मिळण्यासाठी तीन गोष्टी यशस्वीपणे पूर्ण कराव्या लागतात, असं यूपीएससीच्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलेलं असतं. शैक्षणिक अभ्यास, शारीरिक प्रशिक्षण आणि सैनिकी सेवेचं प्रशिक्षण. तिन्ही. फिजिक्समध्ये पहिला आलात पण पोहणं जमलं नाही, तर नुसत्या फिजिक्सवर पदवी घेऊन घरी जाता येत नाही.

अभ्यासातही नुसता आपल्या शाखेचा विषय नसतो. विज्ञानवाल्यालाही इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल चाखावा लागतो, आणि बीएवाल्याला विज्ञान, कॉम्प्युटर पूर्ण टाळता येत नाही. त्यावर पायाभूत अभ्यासक्रम सगळ्यांना सारखा. त्यात लष्करी इतिहास, लष्करी भूगोल, शस्त्रप्रणाली हे तर आहेच, शिवाय भू-राजकारण, मानवी हक्क, सशस्त्र संघर्षाचे कायदे आणि पर्यावरणही आहे. बंदूक चालवायला शिकवतानाच ती कधी चालवायची नाही याचा कायदाही शिकवला जातो, हे मला या अभ्यासक्रमातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिली अडीच वर्षं तिन्ही दलांचं शिक्षण एकत्र, मग शेवटच्या टप्प्यात आपापल्या दलाचे विषय.

आणि हे सगळं पहाटेची पीटी, ड्रिल, पोहणं, घोडेस्वारी, कॅम्प यांच्या मधल्या वेळेत. एका कॅम्पचं नाव तर आपल्या तोरण्यावरून 'कॅम्प तोरणा' आहे. सकाळी धावून आलेला कॅडेट दुपारी अर्थशास्त्राच्या तासाला डोळे उघडे ठेवून बसतो, हीसुद्धा एक परीक्षाच म्हणायची.

अभ्यासात, शारीरिक चाचण्यांत किंवा शिस्तीत कमी पडलात तर 'रेलिगेशन' होतं. म्हणजे तुमची एक टर्म मागे जाते, तुमची बॅच पुढे निघून जाते आणि तुम्ही ज्युनिअर्ससोबत तेच सहा महिने पुन्हा काढता. सारखं असं होत राहिलं तर अकादमी सोडावी लागते. केटीसारखा विषय पाठीवर घेऊन पुढे जाण्याचा प्रकार नाही.

बीटेकचं गणित अजून वेगळं आहे. तीन वर्षांनी खडकवासल्याच्या दीक्षांत समारंभात बीटेकच्या कॅडेटच्या हातात पदवी पडतच नाही. मिळतं ते तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. पदवी मिळते पुढच्या अकादमीत, उरलेलं प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर. नौदलवाल्यांना एळीमलाला, हवाई दलवाल्यांना हैदराबादजवळच्या डुंडीगलच्या हवाई दल अकादमीत. बीए-बीएस्सीवाल्यांची पदवी मात्र खडकवासल्यातच पूर्ण होते. दीक्षांत समारंभ हबीबुल्ला हॉलमध्ये होतो आणि पासिंग आउट परेड खेत्रपाल परेड ग्राउंडवर. हे नाव १९७१ च्या युद्धात परमवीर चक्र मिळवणाऱ्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं.

पण पदवी मिळाली म्हणजे अधिकारी झालात असंही नाही. लष्कराचे कॅडेट पुढे डेहराडूनच्या आयएमएला एक वर्ष जातात आणि मग लेफ्टनंट होतात. हवाई दलाच्या फ्लाइंगवाल्यांचं प्रशिक्षण दीड वर्षाचं.

मे २०२५ मध्ये या परेडमधून पहिल्यांदा मुली बाहेर पडल्या, १७ जणी, १४८व्या कोर्सच्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला नसता तर हे इतक्यात झालं नसतं. जागा अजून मोजक्याच आहेत, दर अधिसूचनेत प्रत्येक दलात मुलींसाठी किती ते वेगळं लिहिलेलं असतं.

सही करण्याआधी पालकांनी वाचायचा कागद

खर्चाचं आधी सांगते. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश सरकार करतं. पालकांनी फक्त पॉकेटमनी आणि वैयक्तिक खर्च द्यायचा, तो महिन्याला सहसा तीन हजारांच्या पुढे जात नाही असं अधिसूचना सांगते. पालकांचं उत्पन्न महिन्याला २१ हजारांपेक्षा कमी असेल तर त्यासाठीही सरकारकडून महिन्याला एक हजाराची मदत मिळू शकते. तेवढ्या पैशात ठाण्यात एका विषयाचा क्लास येत नाही.

पण प्रवेशाच्या वेळी पालकांना दोन कागदांवर सही करावी लागते. एक बॉन्ड. मुलाने स्वतःच्या मर्जीने अर्ध्यात अकादमी सोडली किंवा कमिशन नाकारलं, तर त्याच्यावर झालेला खर्च पूर्ण किंवा काही प्रमाणात परत करावा लागू शकतो. दुसरा कागद जास्त गंभीर आहे. प्रशिक्षणात मुलाला इजा झाली, अपंगत्व आलं किंवा अगदी मृत्यू झाला, तरी सरकारकडे भरपाई मागण्याचा हक्क नाही हे आपल्याला समजलंय, असं लिहून द्यावं लागतं.

ही नुसती औपचारिकता नाही. प्रशिक्षणात जखमी होऊन वैद्यकीय कारणाने बाहेर काढलेले कॅडेट 'माजी सैनिक' धरले जात नाहीत, कारण दुखापत कमिशन मिळण्याआधीची असते. त्यांना महिन्याला ठराविक सानुग्रह रक्कम मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांच्या अवस्थेची स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं. उपचारांची सोय झाली. पण वर सांगितलेली तीन प्रशिक्षणांची अट इथे परत आठवा. पाचव्या टर्मला मणक्याला मार लागलेल्या मुलाची शारीरिक आणि सैनिकी बाजू आता पूर्ण होणं शक्यच नाही. अभ्यास त्याने अडीच वर्षं केलेला आहे. त्या अभ्यासाचं पूर्ण मोल त्याला मिळायला हवं, निदान उरलेलं शिक्षण दुसऱ्या कॉलेजात जाऊन पुरं करता येईल इतकं सरळ, असं मला वाटतं. पदवीच्या चर्चेत हा मुद्दा सहसा कुणी काढत नाही.

तयारीच्या सोयींचं म्हणाल तर महाराष्ट्रात त्या बऱ्या आहेत, फक्त माहीत नसतात. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, लोक तिला एसपीआय म्हणतात. १९७७ पासून तिथे अकरावी-बारावीच्या मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेतली जाते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. दोन्हीकडे प्रवेशाची धडपड दहावीतच करावी लागते, निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष गेलं. त्याहून लवकर सुरुवात करायची तर साताऱ्याचं सैनिक स्कूल आहे, १९६१ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं. लाखोंची फी घेणाऱ्या क्लासच्या जाहिरातीत ही नावं तुम्हाला दिसणार नाहीत.

फॉर्म भरताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, लष्कर, नौदल, हवाई दल आणि नौदल अकादमी यांचा पसंतीक्रम फॉर्ममध्येच विचारला जातो. शेवटी दल मेरिट आणि हा क्रम बघूनच मिळतं, आणि दल ठरलं की पदवी ठरते. त्यामुळे 'नंतर बघू' म्हणून काहीतरी टिक करू नका. दोन, परीक्षेसाठी ठाणे हे स्वतंत्र केंद्र आहे, नवी मुंबईही आहे. वर्तकनगरच्या किंवा डोंबिवलीच्या मुलाला पेपरसाठी मुंबईत जायची गरज नाही. फक्त केंद्रांची क्षमता ठरलेली असते आणि ज्याचा अर्ज आधी त्याला केंद्र आधी. शेवटच्या दिवशी फॉर्म भरलात आणि ठाणे भरलेलं असेल, तर रविवारी पहाटे दुसरं शहर गाठावं लागेल.